तलावाची सारखी वाटणी

९ ऑक्टोबर १९५४, शनिवार

झालं! पाणी वाटायचं काम माझ्याकडे आलं. मी मागितलं नाही — लोकांनी दिलं. हे आधी लिहून ठेवतो.

हस्त कोरडा गेला. चित्राची आशा कोणी धरत नाही. सकाळी सगळं गाव तलावाच्या पाळीवर जमलं. तलाव अर्ध्याच्या खाली उतरलाय आणि भारी धान, तो उशिरा पिकणारा, अजून पोटरीत आहे. मालगुजारी होती तेव्हा मालकाचा माणूस येऊन तुडूम उघडायचा — पाणी सोडायच्या दाराला आम्ही तुडूमच म्हणतो — आणि मालकाच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, भरली की बंद करायचा. उरलंसुरलं ज्याची काठी मोठी त्याचं. आता मालगुजारी गेली. गेली दोन वर्षं पाऊस पुरला, म्हणून प्रश्न आला नाही. यंदा आला. तलाव गावाचा, पण वाटायचा कोणी?

देवाजी म्हणाला, "मी वाटतो." याच्या बांध्या तुडुमाच्या अगदी तोंडाशी! मांजरीनं म्हणावं, दूध मी राखतो! सगळे हसले. तो पण हसला, पण ओशाळं.

मग कोलू उठला. कोलूच्या दोन बांध्या पार शेवटी, जंगलाला लागून. गोंड माणूस, चार लोकांत सहसा तोंड उघडत नाही. म्हणाला, "लटारूभाऊले द्या. तो कोनाच्या बापाले भेत नाई."

कोनाच्या बापाले भेत नाई! हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

घरी येऊन बायकोला, शकुला सांगितलं. तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बरं झालं. आता जेवाले बसा." एवढंच! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

११ ऑक्टोबर

सकाळी बैल सोडताना सुचलं. तिथल्या तिथं टाळी वाजवली. बैल बिचकले.

सावलीनं वेळ मोजावा तर ढग आले की भांडण. कोंबड्याच्या आरवण्यावर तर कोणीच भरवसा ठेवू नये. पण जोशीबुवा लग्नाचा मुहूर्त साधायला पाण्यावर ती भोकाची तांब्याची वाटी सोडतात — घटका! हळूहळू भरते, भरली की बुडते. ती तुडुमाशी ठेवायची. एकरामागं देवाजीला जेवढ्या घटका पाणी, तेवढंच कोलूला. माणूस लबाडी करील, वाटी कोणाची सोयरी?

जोशीबुवा आधी देईनात. "लग्नाची वस्तू तुडुमावर नेता होय?" मी म्हणालो, "बुवा, धान नाही पिकला तर लग्नं कोणाची लावाल?" मुकाट्यानं काढून दिली. पुसून दिली!

संध्याकाळी गावाला सांगितलं. तुडुमापासून सुरू करायचं, शेवटापर्यंत जायचं. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. आणि एक नियम खास माझा — दुसऱ्याचा वाटा घ्यायचा नाही, आणि आपला सोडायचा पण नाही. कारण आज एकानं सोडला की उद्या दुसरा तो घेतो, परवा तोच मालक होऊन बसतो. या वाक्यावर लोक एकदम चूप झाले. म्हातारे माना हलवत होते. मी असा कधी बोललो नव्हतो!

शकुचं आपलं भलतंच. म्हणे, "देवाजीभाऊचा धान हलका ना? पिवळा पडून राह्यला. दिवाळीत कापतीन. त्याले आता पानी कायले?"

म्हणालो, "हलका असो, भारी असो, वाटा म्हणजे वाटा. निवडून द्यायचं तर मालक काय वाईट होता?"

ती चुलीकडे वळली. माझ्यापुढे बोलायचं म्हणजे तयारी लागते.

१३ ऑक्टोबर

तुडूम उघडला. नारळ मीच फोडला.

पाणी पाटात उतरलं तेव्हा पोट्टे त्याच्यासोबत धावत गेले. मी नाही गेलो — माझी जागा वाटीपाशी. पळसाच्या सावलीत घोंगडं टाकून बसलो आहे. घटका बुडाली की थाळी वाजवतो. थाळीचा आवाज थेट जंगलापर्यंत जातो. आज आयुष्यात पहिल्यांदा सारं गाव माझ्या हाताकडे कान लावून बसलं आहे.

१४ ऑक्टोबर

काल पहिला नंबर देवाजीचा. पूर्ण दिला. हातचं राखलं नाही.

१६ ऑक्टोबर

देवाजी तणतणत आला. "लटारू, घटका बुडाल्या तेवढ्या बुडाल्या, पन माह्या बांधीत टाच भिजत नाई! पानी गेलं कुठी?"

मी शांत. म्हणालो, "तुझी बांधी गळत असेल. खेकड्यांनी बांधाचा धुरा पोखरला असेल. वाटी खोटं बोलत नाही." मग विचारलं, "तुझ्या नंबराच्या वेळी तू होतास का तिथं?"

"मी जेवाले गेलो होतो. हे होती ना."

'हे' म्हणजे सुगंधाबाई, त्याची बायको. मागंच उभी होती, पदर तोंडात कोंबून. मी विचारलं, "सुगंधाबाई, पानी आलं होतं ना?" ती म्हणाली, "भाऊ, आलं तं! आलं आन् गेलं!" आणि खुदकन हसली. नवऱ्याची फजिती झाली की बायकांना गुदगुल्या होतात. देवाजी पाय आपटत गेला.

तलाव गावाचा झाला, आता देवाजीनं हे शिकावं.

१८ ऑक्टोबर

शकु रोज दुपारी गायब. आज आली ती कोपरापर्यंत चिखल. विचारलं, तर म्हणे, "खेकडे धराले गेलो होतो." मला खेकड्याचा रस्सा आवडतो. वाट पाहिली. जेवायला वांगं! "खेकडे कुठे?" "पळाले." बायकोनं पकडलेला खेकडा पळतो, हे मी आजच ऐकलं.

२० ऑक्टोबर

आज कोलूचा नंबर.

खरं सांगायचं तर काल जेवण गोड लागलं नाही. तलाव खाली गेला तशी धार बारीक झाली. घटका तेवढ्याच, पण घटकेतलं पाणी कमी. हे आधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कोलूचा धान भारी, आत्ता पाणी नाही मिळालं तर लोंब्या पोचट निघतील, आणि त्याच्या घरी वर्षभर त्याच धानाचा भात. त्यानंच माझं नाव घेतलं होतं. काय तोंड दाखवू?

म्हणून वाटी दुसऱ्याच्या हाती देऊन आज पहिल्यांदा पाटानं खाली गेलो. आणि पाहतो तर — अरे बाप्पा! कोलूच्या दोन्ही बांध्या काठोकाठ! धुऱ्यावरून पाणी सांडायला आलेलं! नंबर अर्धाही झाला नव्हता!

कोलूची बायको सोमारी धुऱ्यावर उभी होती. मला पाहून हसली. म्हणाली, "लटारूभाऊ, तुमचा हात लय मोठा."

मोठा आहेच. परत येताना मी पाटाच्या काठानं असा चाललो की कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, मालक चाललाय. मग जरा सावकाश चाललो.

५ डिसेंबर

कोलूच्या खळ्यात आज धानाची रास. त्याच्या बापाच्या काळापासून एवढी झाली नव्हती म्हणतात. सगळं गाव पाहायला गेलं. मला राशीजवळ बसवलं, कुंकू लावलं. कोलूनं ओंजळभर धान माझ्या ओंजळीत टाकला. दाणा भरलेला, जड.

मी काही रडलो नाही. खळ्यात भुसा उडतो, डोळ्यात जातो.

तिकडे देवाजीचा हलका धानही उत्तम झाला होता. म्हणजे शेवटच्यालाही पुरलं, पहिल्यालाही पुरलं. सारखी वाटणी! कोर्टकचेरी नाही, काठी नाही, डोकं फुटलं नाही. अहेरीच्या बाजारातसुद्धा लोक विचारत होते — तुडुमाशी वाटी ठेवणारा तो लटारू कोण? मी उभा होतो, मीच सांगितलं.

८ डिसेंबर

आज शाळेत गेलो होतो. आपण होऊन नाही — आमच्या शाळेचे गुणवंतराव गुरुजी घरी येऊन घेऊन गेले. चौथीच्या वर्गात मला खुर्चीवर बसवलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं — वाटणे. म्हणाले, "वाक्यात उपयोग करा."

एक पोट्टा उठला — "आजी पाट्यावर चटणी वाटते." दुसरा — "मले वाघाचं भेव वाटते." गुरुजी म्हणाले, तेही बरोबर, पण आज पाहुणे कोण आहेत ते पाहा. तेव्हा सगळा वर्ग ओरडला — "लटारूभाऊ पानी वाटते!"

मग गुरुजींनी अवघड प्रश्न टाकला. "ज्याला नको त्याला द्यायचं आणि ज्याला हवं त्याला पुरायचं नाही. चोरी नाही, फुकट फेकलं नाही, देणाऱ्याची नियतही वाईट नाही — पण गेलं चुकीच्या जागी. याला कोणतं क्रियापद वापराल?"

"सांडणे," एक म्हणाला. गुरुजी म्हणाले, "सांडलेलं कोणालाच मिळत नाही. हे तर मिळालं आहे." "उधळणे?" "उधळतो तो मजेत उधळतो. हा तर मोठ्या जबाबदारीनं देतो." "नासणे?" "जवळ आलात, पण नासलं हे नंतर कळतं. करताना तो काय करतो?" शेवटी मागच्या रांगेतली एक बारकी पोट्टी म्हणाली, "गुरुजी, कोंबणे. माह्यं पोट भरलं तरी आजी मलेच कोंबते, आन् लहानीले म्हन्ते भात सरला."

गुरुजींनी तिची पाठ थोपटली. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "हे क्रियापद आपल्या गावात शिरलं नाही, ते या लटारूभाऊंमुळे."

पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. आपण चौथीतच शाळा सोडली, आणि त्याच चौथीत आज खुर्ची!

घरी येऊन शकुला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती एवढी हसली, एवढी हसली की ठसका लागला. "काऊन हसतेस?" "काई नाई. सुपारी अटकली." सुपारी खाल्लेली मी तर पाहिली नाही.

४ ऑक्टोबर १९५५

पळसटोल्याहून माणूस आला. आमच्या चंदाला यंदा वैशाखात तिथं दिली. तिच्या सासऱ्यांचा, वारलूबुवांचा निरोप — यंदा तिकडेही हस्त दगा देणार, तलावावरून काठ्या निघायला आल्या आहेत, "व्याहीबुवांनी वाटी घेऊन यावं, आमच्या गावची लाज राखावी."

मुलीच्या बापाला मुलीच्या सासरी मान खाली घालून जावं लागतं. मी मान वर करून जाणार आहे! सबंध तालुक्यात असा मुलीचा बाप दाखवा.

७ ऑक्टोबर

शकु म्हणाली, "मीबी येतो."

"म्हैस कोण पाहील?"

"सोमारी पाहीन."

"मी पाणी वाटायला चाललो, तू काय पोरीची ओटी भरायला येतेस? घरी राहा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिथी हलका धान किती, भारी किती, आधी इचारा." — पुन्हा तेच! गेल्या वर्षी एवढं सिद्ध झालं तरी हिचा हेका सुटत नाही. वाटी फडक्यात बांधली, बंडी जुंपली, निघालो.

९ ऑक्टोबर, पळसटोला

बैलांच्या पायावर पाणी घातलं, माझ्याही घातलं. पारावर मध्यभागी बसवलं. चंदा दारातून डोकावून गेली, डोक्यावर पदर, डोळ्यात कौतुक. वारलूबुवा जो येईल त्याला सांगत होते, "हे आमचे व्याही. वाटीवाले."

नियम समजावले. सारखं म्हणजे सारखं, आपला वाटा सोडायचा नाही. इथंही ते मालक होऊन बसण्याचं वाक्य टाकलं. इथंही लोक एकदम चूप! वाक्यात दम आहे.

११ ऑक्टोबर

तुडूम उघडला. सगळं तिकडच्यासारखं. थाळी यांची मोठी आहे, आवाज छान.

१५ ऑक्टोबर

एकही भांडण नाही.

१७ ऑक्टोबर

आज एक बाई पाळीवर आली. धुरपताबाई. विधवा, पाटाच्या अगदी शेवटी एक बांधी, भारी धान. घरी ती आणि सासू, खाणारी तोंडं दोन, कमावणारे हात तिचेच. वाटीकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "भाऊ, माहा नंबर यीन तवा तलावात चिखल राहीन."

म्हणालो, "बाई, एकराला तेवढ्याच घटका तुम्हाला पण मिळणार. सगळ्यांना सारखं आहे."

"सारकं हाये, भाऊ. पन माह्यापर्यंत कुठी हाये?"

ओरडली नाही, रडली नाही. गेली. आज चंदानं माझ्या आवडीची भाजी केली होती. ताट तसंच उठलं.

१८ ऑक्टोबर

स्वतः पाटानं चालत गेलो. वर तुडुमाजवळ वारलूबुवांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या बांध्या. सगळा हलका धान, पिवळाधम्मक, आणि त्यात गुडघाभर पाणी! पिकलेला धान पाण्यात लोळतोय. आणि खाली धुरपताबाईच्या बांधीत भेगा. हात घातला तर मनगटापर्यंत गेला. धान पोटरीत अडकलाय, बाहेर येईना.

वारलूबुवांना म्हणालो, "तुमचा धान तर पिकला. पाणी सोडा की खाली."

ते म्हणाले, "व्याहीबुवा, नियम तुमीच केला ना, वाटा सोडाचा नाई म्हनून? आता मी सोडला तं लोक म्हनतीन, सुनेच्या बापाले भेला. आन् माह्यानंतरचा तरी काऊन सोडीन?"

माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. ही माझी फजिती नाही, मी फजित होत नाही. पण दिवसभर डोकं चालेना. आमच्या गावी असं का नाही झालं? तीच वाटी, तोच नियम, तोच मी! इथली मातीच अधाशी असावी. आमची माती मायाळू. दुसरं कारण मला दिसत नाही.

१९ ऑक्टोबर

चंदा पाळीवर डबा घेऊन आली. आजूबाजूला कोणी नाही पाहून म्हणाली, "बाबा, आईले बोलवा ना."

"काऊन गं? सासू बोलते का?"

"नाई, लय चांगली हाये. पन मी नवी आहो, बाबा. माह्या शब्दावर इथल्या बाया कायले उठतीन? आईले बोलवा. उद्याच."

पोरगी घाबरली असावी, लोक तिच्या बापाला नावं ठेवतील म्हणून. आईची आठवण येणारच. बंडी पाठवली. निरोपात हेही सांगितलं, की काम उत्तम चाललं आहे, पोर आठवण काढते म्हणून ये.

२१ ऑक्टोबर

शकु आली. बंडीतून उतरली, पाणीसुद्धा प्यायली नाही, पहिला प्रश्न — "हलका धान कुठवर हाये?"

मला वाटलं, नव्या धानाचे पोहे न्यायचे असतील. हातानं दाखवलं, तिथपासून तिथवर. तिनं डोळे बारीक करून सगळा पाट पाहिला. धुरपताबाईच्या बांधीपर्यंत गेली, भेगांत हात घालून आली. मग माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "भरल्या पोटात कोंबून राह्यले तुमी."

मी असा भडकलो! "मला शिकवू नकोस! सारं गाव माझ्या शब्दावर चालतं. दोन गावांत एक काठी उठली नाही ती कोणामुळे?"

"तुमच्यामुळं," ती म्हणाली. "ते मी कवा नाई म्हन्लं?"

यावर पुढे भांडता येईना. भांडण अर्धवट राहिलं की मला जेवण जात नाही. ती मात्र चंदाला आणि विहिणीला घेऊन घरोघरी पानसुपारी खायला निघून गेली. दुष्काळ पडायला आला आणि हिला पाहुणचार सुचतो!

२३ ऑक्टोबर

म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं?

धुरपताबाईच्या बांधीत पाणी! नंबर उद्याचा, आणि आजच भेगा मिटल्या! ती स्वतः पाळीवर सांगत आली. येताना भोपळा घेऊन आली, माझ्या पायापाशी ठेवला. म्हणाली, "भाऊ, मी तुमाले वाकडं बोललो." मी म्हणालो, "असू द्या बाई, वाटणीत धीर धरावा लागतो."

माती अधाशी होती, हे माझं निदान अचूक ठरलं. वरची माती आधी पोटभर प्यायली, तिचं पोट भरलं, मग पाणी आपोआप खाली सरकलं. वारलूबुवांना हे समजावून सांगितलं. त्यांना पूर्ण पटलं नाही, पण ते पाहतच राहिले. पारावर पुन्हा मध्यभागी जागा. पुढच्या वर्षी नदीपलीकडच्या गावानंही बोलावलंय!

शकुला म्हणालो, "पाहिलंस?"

"पाह्यलं," म्हणाली. नखातला चिखल काढत बसली होती.

कबूल करायला जड जातं तिला. मी पण जास्त ताणलं नाही. मोठेपणा दाखवला.

२४ ऑक्टोबर

दुपारी सगळे पुरुष जेवायला गेले. आपल्या हातचं पाणी धुरपताबाईच्या बांधीत डोळे भरून पाहावं, म्हणून वाटी सोडून पाटानं निघालो.

वारलूबुवांच्या बांधीच्या तोंडाशी चंदा आणि तिची सासू, दोघी चिखलात. तोंड बुजवत होत्या. पुढच्या बांधीशी त्या घरची बाई, तिच्यापुढे आणखी एक, तिच्यापुढे आणखी. जिथवर हलका धान, तिथवर बायाच बाया! ज्यांचा धान पिकला त्या आपापल्या बांधीचं तोंड स्वतःच्या हातानं बंद करत होत्या, आणि पाणी कुठे न थांबता खाली धावत होतं. मध्ये शकु, पदर खोचून.

मी विचारलं, "मागच्या साली, आपल्या गावी बी?"

"मंग? सुगंधाबाईनं पह्यलं तोंड बुजवलं, मंग आमी साऱ्यांनी." हात न थांबवता म्हणाली, "तुमच्या वाटीनं भांडन मिटलं, हे खरं हाये. पन धान सारका नोहता ना."

मग वर पाहून म्हणाली, "उभे काऊन? चिखल कमी पडून राह्यला."

धोतर खोचलं. चिखल आणला.